आसाम म्हटलं की फक्त लाचित बोरफुकन?

बखरवाचक

खडकवासल्याच्या एनडीएमध्ये सर्वोत्तम कॅडेटला मिळणाऱ्या सुवर्णपदकाला १९९९ पासून लाचित बोरफुकनचं, म्हणजे १७ व्या शतकात मोगलांना हरवणाऱ्या आसामच्या आहोम राज्याच्या सेनापतीचं नाव आहे. पुण्याच्या इतक्या जवळ हे नाव वर्षानुवर्षं घेतलं जातंय, तरी आपल्याकडे लाचितची चर्चा सुरू झाली ती अगदी अलीकडे. मार्च २०२४ मध्ये जोरहाटजवळ होलोंगापारला त्याचा चौथऱ्यासकट १२५ फुटी पुतळा उभा राहिला. शिल्पकार राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, त्यामुळे इकडेही कौतुक झालं. तेव्हापासून 'आसामचा शिवाजी' या मथळ्याखाली तेच ते मजकूर फिरतायत. लाचितबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तो मथळा पटत नाही. का पटत नाही ते सांगायला हा धागा काढतोय.

आधी खरा दुवा बघू, कारण तो आहेच आणि फार जवळचा आहे. १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. त्यांच्यासाठी दरबारात जामीन राहिला होता मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह. औरंगजेबाचा सगळा राग त्याच्यावर निघाला, मनसब गेली, दरबारात येणं बंद झालं. पुढच्या वर्षी मिर्झाराजे बुऱ्हाणपुरात वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आहोमांनी गुवाहाटी मोगलांकडून परत घेतली आणि ती बातमी पोचल्यावर आसामच्या मोहिमेवर पाठवायला बादशहाने नेमका रामसिंहच निवडला. आग्र्याच्या प्रकरणाची ही शिक्षाच होती असं अनेक इतिहासकार मानतात. मीर जुमला आसामच्या स्वारीतून आजारी होऊन परतला आणि वाटेतच मेला, ही गोष्ट तेव्हा अवघी चार-पाच वर्षं जुनी होती. तिकडे जाणं म्हणजे काय, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर राजगड आणि सराईघाट (गुवाहाटीजवळ लाचितने मोगलांना हरवलं ती मार्च १६७१ ची लढाई) यांना जोडणारा माणूस हा रामसिंह. आता त्याच्यासमोर कोण उभं होतं ते पाहा.

लाचित राजा नव्हता. बोरफुकन हे पद होतं, राज्याच्या पश्चिम भागाचा कारभारी आणि सेनापती. त्याआधी तो राजाच्या घोड्यांच्या पागेचा अधिकारी होता. त्याचा बाप मोमाई तामुली सामान्य घरातून वर आलेला. राजा प्रतापसिंहाच्या काळात पाईक व्यवस्थेची घडी बसवण्यात त्याचाच मोठा हात. ही व्यवस्था समजून घेतल्याशिवाय सराईघाट समजत नाही. चार धडधाकट पुरुषांचा एक गट. एक जण आळीपाळीने राज्याच्या कामावर, म्हणजे लढाई, बंधारे, रस्ते, नावा बांधणं. उरलेले तिघे त्याचंही शेत सांभाळणार. प्रत्येकाला दोन पुरा, म्हणजे साधारण पावणेतीन एकर भातजमीन, बिनसाऱ्याची. खडं सैन्य पोसायची गरज नाही आणि वेळ आली की गावंच्या गावं कुदळ नि धनुष्य घेऊन हजर. इथला प्रत्येक शिपाई नाव वल्हवतो, बाण मारतो, खंदकही खणतो, असं खुद्द रामसिंहाने आश्चर्याने म्हटल्याचं सांगतात.

आणि लाचित नेहमी जिंकला नाही. ऑगस्ट १६६९ मध्ये आलाबोईच्या मोकळ्या मैदानात उतरायला तो तयार नव्हता, पण राजा चक्रध्वजसिंहाने रेटा लावला. राजपूत घोडदळापुढे दहा हजार माणसं पडली. मग रामसिंहाने वेगळा डाव टाकला. बाणाला चिठ्ठी बांधून आहोम छावणीत मारली: लाचितने आपल्याकडून लाख रुपये घेतलेत. चिठ्ठी राजापर्यंत गेली, राजाला संशय आला. त्या वेळी लाचितच्या मागे ठाम उभा राहिला तो पंतप्रधान आतन बुढागोहाईं. त्याने राजाची समजूत काढली नसती तर मार्च १६७१ मध्ये तापाने फणफणलेला लाचित नावेत बसून माघारी वळणाऱ्या आपल्याच माणसांना अडवायला उरला नसता. मामाने तटबंदीच्या कामात कुचराई केली म्हणून लाचितने त्याचं डोकं उडवलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ झाली आहे. आतनचं नाव मात्र कुठल्याच मजकुरात नाही.

माझं म्हणणं एवढंच. लाचितला त्याच्या माणसांच्या ओळीतून उचलून आपल्या ओळीत बसवलं की आसाम दिसायचाच राहतो. १२२८ मध्ये पाटकाई डोंगर ओलांडून आलेला सुकाफा, सातव्या शतकातला कामरूपचा भास्करवर्मा, शंकरदेव, माधवदेव, आनंदराम ढेकियाल फुकन… ही सगळी मंडळी आपल्याला परकी का? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. एकेका माणसावर लिहा, पण जरा निवांत.

किल्लेदार

धागा आवडला, पण तुलनेवर इतकं रागवायचं कारण दिसलं नाही. परक्या माणसाची ओळख ओळखीच्या माणसावरूनच होते. माझ्या मुलाने 'आसामचा शिवाजी' वाचलं म्हणून तर नकाशात गुवाहाटी शोधलं. दोघंही १७ व्या शतकातले, शत्रू एकच, दोघांनीही मोठ्या फौजेला आपल्या भूगोलात ओढून हरवलं. तिकडे सह्याद्री, इकडे ब्रह्मपुत्र. आसाममध्येही लोक ही तुलना अभिमानाने करतात. त्यांना चालतं तर आपल्याला का खुपावं?

बखरवाचक

@किल्लेदार, मुलाने नकाशा उघडला हे फार चांगलं झालं. भूगोलाचा मुद्दाही बरोबर. गुवाहाटीपाशी ब्रह्मपुत्र दोन्ही बाजूंच्या टेकड्यांमध्ये चेपून एकदम अरुंद होते, आणि लाचितने आरमारी लढाईसाठी नेमकी तीच जागा धरली.

अडचण पुढे येते. सराईघाटनंतर साधारण वर्षभराने लाचित वारला. १६७९ मध्ये गुवाहाटी न लढता मोगलांच्या हवाली करणारा लालुकसोला बोरफुकन कोण होता? लाचितचा सख्खा भाऊ. त्याच पदावर बसलेला. आतन बुढागोहाईंचा जीवही त्यानेच घेतला. आणखी जवळपास एकशेचाळीस वर्षांनी त्याच पदावरच्या बदनचंद्र बोरफुकनने दरबारातल्या वैरापायी ब्रह्मदेशाची फौज १८१७ मध्ये आसामात आणली. त्यानंतरच्या कत्तली आणि पळापळीत मुलूख ओस पडला आणि १८२६ च्या यांदाबो तहाने तो इंग्रजांकडे गेला. सहाशे वर्षांचं राज्य संपलं.

आहोम राजा मंत्र्यांच्या संमतीने गादीवर बसायचा आणि मंत्री त्याला उतरवूही शकायचे. त्या राज्याचं बळ तिथे होतं आणि दुखणंही तिथेच. एकट्या वीराची गोष्ट सांगितली की हे दोन्ही गळून जातं.

जोरहाटवासी

नमस्कार. लग्नानंतर बरीच वर्षं जोरहाटला आहे, माहेर सांगलीचं. धागा पाहून राहवलं नाही.

इथे घराघरात ज्याचं नाव रोज घेतलं जातं तो लाचित नाही, शंकरदेव. श्रीमंत शंकरदेव, इथले लोक नुसतं 'गुरुजना' म्हणतात. १४४९ ते १५६८ हा त्यांचा परंपरेने मानलेला काळ, म्हणजे ११९ वर्षांचं आयुष्य. नगावजवळ बरदोवाला भुइयाँ सरदारांच्या घरात जन्म. आईवडील लहानपणीच गेले, आजी खेरसुतीने वाढवलं. पाठशाळेत बाराखडी नुकतीच शिकलेल्या पोराने काना-मात्रा न वापरता, नुसत्या अकारान्त अक्षरांची कविता रचली, 'करतल कमल कमल दल नयन'. इथल्या बालवाडीतल्या मुलांना ती येते. बायको गेल्यावर मुलीचं लग्न लावून दिलं आणि बारा वर्षं तीर्थयात्रा केली. परत येऊन त्यांनी जे उभं केलं ते सांगते.

नामघर. गावाच्या मध्ये लांबट दालन, पूर्वेच्या टोकाला मणिकूट, म्हणजे गाभारा. तिथल्या सिंहासनावर मूर्ती नसते, पोथी असते. संध्याकाळी नामप्रसंग होतो, पण तेवढंच नाही. जमिनीचे तंटे, पूर आल्यावर कोणी कुठे राहायचं, वर्गणी, नाटकाच्या तालमी, सगळं इथेच. आपल्याकडे देऊळ, चावडी आणि तालीम अशा तीन जागा असतात, इथे त्या एका छपराखाली आहेत.

आणि भाओना! शंकरदेवांनी आणि त्यांचे शिष्य माधवदेवांनी लिहिलेली अंकीया नाटकं गावकरीच करतात. मी पहिल्यांदा पाहिली ती 'पारिजात हरण'. रात्री दिव्यांच्या कमानीपाशी पांढरा पडदा दोघांनी हाताने धरलेला असतो. त्यामागून पांढऱ्या धोतरपागोट्यातले गायन-बायन येतात, खोल (मृदंगासारखं वाद्य) आणि टाळ घेऊन, आणि तासभर नुसतं वाजवतात, नाचतात. मग सूत्रधार. हा आपल्या नाटकातल्या सूत्रधारासारखा नांदी म्हणून निघून जात नाही. शेवटपर्यंत रंगमंचावर असतो, नाचतो, श्लोक म्हणतो, पुढे काय होणार ते सांगतो. राक्षसांचे मुखवटे ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावरच्या सामागुरी सत्रात (सत्र म्हणजे वैष्णव मठ) होतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर चिकणमातीत भिजवलेलं कापड, मग शेण-माती एकत्र करून नाकडोळे. त्या मुखवट्यांचे जबडे बोलताना हलतात. माझ्या शेजारी बसलेल्या आजी सत्यभामेचे संवाद नटाच्या आधी पुटपुटत होत्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत.

भाषा ब्रजावली, म्हणजे मैथिली आणि असमिया यांचं मिश्रण, बोलायला कोणाचीच नाही, पण समजते सगळ्यांना. या सत्रांमध्ये शेकडो वर्षं जपलेलं नृत्य २००० साली शास्त्रीय नृत्य म्हणून मान्य झालं, तेच सत्रिया.

@किल्लेदार दादा, राजकारणाबाबतही शंकरदेवांची वाट सोपी नव्हती. आहोम राज्यात त्यांच्या जावयाला, हरीला, मृत्युदंड झाला. माधवदेवांनाही धरून नेलं होतं. मग गुरुजनांनी आहोम मुलूख सोडला आणि पश्चिमेला कोच राजा नरनारायणाच्या राज्यात, बारपेट्याजवळ पाटबाउसीला राहिले. तिथेही राजाचे कान भरले गेले. नरनारायणाचा भाऊ आणि सेनापती चिलाराय, त्याने त्यांना सांभाळलं. पुढे राजाच्या इच्छेवरून तांतीकुची गावच्या विणकरांकडून कृष्णलीलांचं भलंमोठं रेशमी वस्त्र विणून घेतलं, वृंदावनी वस्त्र. त्याच परंपरेतलं वस्त्र तिबेटमार्गे लंडनला गेलं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

टाळकरी

ताई, राम कृष्ण हरी. फार सुंदर लिहिलंत. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे, त्यामुळे वाचताना पदोपदी आपलंच वाटत होतं. नामस्मरण, कीर्तन, संस्कृत भागवत लोकांच्या भाषेत आणणं, जातीपातीच्या पलीकडे हाक. ज्ञानोबारायांनी तेच केलं, नामदेवरायांनी तेच केलं.

दोन गोष्टी विचारतो. एक, तिथे विठोबासारखं एक ठिकाण, एक मूर्ती, एक वारी आहे का? दुसरं, जात खरंच गळली का? आपल्याकडे चोखोबा पायरीशीच राहिले आणि पंढरपूरचं मंदिर उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, म्हणून विचारतो.

जोरहाटवासी

@टाळकरी, राम कृष्ण हरी दादा.

एक ठिकाण, एक मूर्ती नाही. शंकरदेवांचा भर शरण जाण्यावर, एकाच देवाला, आणि तो देव नावात नि ग्रंथात. बरदोवा, बारपेटा, माजुली ही मोठी स्थानं, पण सगळ्यांनी मिळून चालत जायची वारी नाही. प्रत्येक गाव आपापल्या नामघरात.

जातीचं उत्तर सरळ नाही. त्यांच्या शिष्यांत मुसलमान शिंपी चांदसाई होता, गारो गोविंद होता. भागवताच्या भाषांतरात किरात, कछारी, खासी, गारो, मिरी, यवन असे सगळे हरिनामाने पावन होतात असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. १६ व्या शतकात हे लिहिणं मोठं होतं. पण पुढे सत्रांना राजांकडून जमिनी मिळाल्या, अधिकारपदं घराण्यांत फिरू लागली, ब्राह्मण सत्रं आणि शूद्र सत्रं वेगळी पडली. मायामरा सत्राचे शिष्य बहुतेक खालच्या मानल्या गेलेल्या समाजांतले. त्यांच्या महंतांचा दरबारात अपमान झाला, तो विसरला गेला नाही आणि १७६९ मध्ये त्यांनी बंड केलं. ते विझायला ३५ वर्षं लागली आणि आहोम राज्य त्यानेच आतून पोखरलं गेलं. बारपेट्याच्या कीर्तनघरात बायकांना आत जाता येत नाही. मी स्वतः बाहेरूनच नमस्कार करून आले आणि मला ते लागलं.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली. शंकरदेवांनी सुमारे २४० बरगीतं, म्हणजे भक्तिगीतं, रचली होती असं सांगतात. कमला गायन नावाच्या भक्ताने पाठ करायला पोथी घरी नेली आणि घराला आग लागून सगळी जळाली. गुरुजनांनी पुन्हा लिहिली नाहीत, माधवदेवांना म्हणाले, आता तू लिही. लोकांच्या तोंडी राहिलेली पस्तीसेक वाचली. म्हणून आज नामघरात जी बरगीतं ऐकू येतात त्यांतली बरीचशी माधवदेवांची आहेत, आणि बाळकृष्णाच्या खोड्यांची त्यांची गीतं ऐकून डोळ्यांत पाणी येतं.

शाईची दौत

बखरवाचक, तुमच्या आयडीला शोभेल असा विषय तुम्हीच सोडलात: बुरंजी.

आहोम दरबारात घडामोडी लिहून ठेवायची पद्धत सुकाफापासूनची मानतात. आधी ताई भाषेत, नंतर असमिया गद्यात. आपली सभासदाची बखर १७ व्या शतकाच्या अगदी शेवटची. असमिया बुरंज्याही साधारण त्याच काळात जोमात लिहिल्या जाऊ लागल्या, आणि त्यांचं गद्य रोखठोक आहे. कोण आला, काय म्हणाला, राजा काय म्हणाला, कोणाचे डोळे काढले. आग्र्याची सुटका तिकडच्या पातशाह बुरंजीतही आली आहे, म्हणजे शिवाजी महाराजांची कीर्ती त्या काळी ब्रह्मपुत्रेपर्यंत पोचली होती.

लिहायचं साधन सांचीपात, म्हणजे अगरूच्या झाडाची साल. ती सोलून वाळवायची, घासून गुळगुळीत करायची, हरताळ लावून पिवळी करायची म्हणजे कीड लागत नाही. शाई हिरडा आणि बैलाच्या मुतापासून. तिनशे वर्षांनीही अक्षर काळंभोर राहतं. आणि हे लेखन किती झोंबायचं पाहा: १८ व्या शतकात कीर्तिचंद्र बोरबरुआ या बड्या अधिकाऱ्याने आपल्या कुळाबद्दल नको ते लिहिलंय म्हणून बुरंज्या गोळा करून जाळायला लावल्या.

ज्या भाषेत हे गद्य तयार झालं तिलाच इंग्रजांनी १८३६ मध्ये कचेरी आणि शाळांतून काढलं आणि बंगाली आणली. असमिया ही बंगालीचीच बोली, असं साहेब मंडळी म्हणू लागली. इथे माझ्या मते आसामच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा माणूस येतो, आनंदराम ढेकियाल फुकन. १८२९ चा जन्म, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिक्षण, सरकारी नोकरी. १८५५ मध्ये त्याने असमिया भाषेवर इंग्रजीत पुस्तिका काढली, नाव न घालता, 'एक देशी माणूस' म्हणून. स्वतःच्या खर्चाने छापून वाटली. असमियाचं व्याकरण वेगळं कसं, जुनं साहित्य कोणतं, मुलांना परक्या भाषेत शिकवल्याने काय होतं, सगळं साहेबाला कळेल अशा भाषेत मांडलं. १८५९ मध्ये तो वारला, तिशीही गाठली नव्हती. असमिया परत आली १८७३ मध्ये. ३७ वर्षांनी.

त्याच्या बाजूने भांडले ते अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी. नेथन ब्राउन आणि मंडळींनी शिवसागरहून जानेवारी १८४६ मध्ये 'अरुणोदय' मासिक काढलं, माइल्स ब्रॉन्सनने १८६७ मध्ये शब्दकोश छापला. नगरच्या अमेरिकन मिशनने चारच वर्षं आधी 'ज्ञानोदय' सुरू केलं होतं, हे मराठी वाचकाला सांगायला हवं. मिशनरींचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे, पण त्या काळात असमियाला छापखाना त्यांनीच दिला. पुढे हेमचंद्र बरुआंनी उभं आयुष्य 'हेमकोश' या शब्दकोशात घातलं आणि तो त्यांच्या पश्चात १९०० मध्ये बाहेर आला. आजची असमिया लेखनपद्धती त्यावर उभी आहे.

लाचितने गुवाहाटी राखली, पण फुकनने बोलणाऱ्यांची जीभ राखली. मला दुसरं काम अवघड वाटतं, कारण तिथे समोर शत्रू उभा नसतो, फक्त सरकारी फाईल असते.

बखरवाचक

@शाईची दौत, बुरंज्यांबद्दल लिहिलंत, फार बरं झालं. शेवटच्या वाक्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. गुवाहाटी राहिली म्हणून दरबार, बुरंजी आणि भाषा राहिली. पण फुकनला लाचितच्या शेजारी बसवायला हवं, याबद्दल दुमत नाही.

चहाचा मळा

माझी नोकरी चहाच्या कंपनीत, त्यामुळे मणिराम देवानवर लिहितो. हा माणूस कुठल्याच एका खणात बसत नाही.

इंग्रज आले तेव्हा मणिराम त्यांच्या बाजूला होता. सिंगफो लोक जंगलातल्या झाडाच्या पानांचा चहा पितात ही खबर रॉबर्ट ब्रूसला त्यानेच दिली असं मानतात. १८३९ मध्ये आसाम कंपनीचा देवान झाला. मग नोकरी सोडून चिनामारा आणि सेंगलुंगला स्वतःचे मळे लावले, व्यापारी चहा पिकवणारा पहिला भारतीय. साहेबांना हे सहन झालं नाही, अडवणूक सुरू झाली. पूर्वीच्या सरदार घराण्यांचे हक्क गेले, अफूने गावं खाल्ली, करांनी लोक बुडाले, हे सगळं त्याने १८५३ मध्ये मिल्स नावाच्या अधिकाऱ्याला लेखी दिलं. काही उपयोग झाला नाही. १८५७ मध्ये कलकत्त्याला असताना उठाव पेटला. आहोम वारस कंदर्पेश्वर सिंहाला गादीवर बसवायचा बेत ठरला, पत्रं पकडली गेली. २६ फेब्रुवारी १८५८ ला जोरहाटला मणिराम आणि पियाली बरुआ यांना फाशी दिलं. त्याचे मळे लिलावात गोऱ्यांकडे गेले. त्याच्या नावाने लोकगीतं आहेत.

तो शेतकऱ्यांचा पुढारी होता असं म्हणणं मला जड जातं. तो आपल्या वर्गासाठी लढला. पण इंग्रजांना इतकं आतून ओळखणारा दुसरा कोणी नव्हता आणि ओळखून तो उलटला, म्हणून त्यांना तो इतका धोकादायक वाटला. जाता जाता: आसाम घडवणाऱ्यांत छोटा नागपूर, ओडिशा, आंध्र इथून मळ्यांवर आणलेले लाखो मजूर आहेत. त्यांची नावं कोणत्याही यादीत नसतात. त्यांचं झुमूर आज आसामचंच नृत्य मानलं जातं.

ओसरी

इतका वेळ वाचतेय आणि बायका कुठेच नाहीत, आजी खेरसुती सोडली तर.

लालुकसोलाचं नाव वर आलं. त्याने गादीवर बसवलेला कोवळा राजा म्हणजे लोरा रजा. अंगात व्यंग असलेला राजपुत्र गादीवर बसू शकत नसे, म्हणून या राजाने एकेका राजपुत्राचं अंग छाटायला सुरुवात केली. त्यांतला गदापाणी नागा टेकड्यांत पळाला. त्याची बायको जयमती हिला शिवसागरजवळच्या जेरेंगा पथारात बांधून नवऱ्याचा ठावठिकाणा विचारत छळलं. परंपरा सांगते चौदा दिवस. तिने तोंड उघडलं नाही, तिथेच मेली. पुढे गदापाणी गदाधरसिंह म्हणून राजा झाला, १६८२ मध्ये इटाखुलीला मोगलांना कायमचं हाकललं. (हाच गदाधरसिंह सत्रांच्या मागे हात धुवून लागला होता, तेही विसरू नये.) मुलगा रुद्रसिंहाने आईच्या नावाने जयसागर तलाव खोदला. शिवसागरला गेलात तर तलाव बघाच, दुसरा काठ नीट दिसत नाही इतका मोठा आहे.

आता दुसरी बाई. १९३५ मध्ये ज्योतिप्रसाद आगरवालांनी पहिला असमिया बोलपट काढला, तो जयमतीवरच. भोलागुरी चहाच्या मळ्यात स्टुडिओ उभा केला. बायकांची कामं बायकांनीच करायची हा त्यांचा आग्रह. जयमती झाली गोलाघाटकडची आयदेउ हँडिक, खेड्यातली मुलगी. पडद्यावर तिने परपुरुषाला पती म्हणून हाक मारली, एवढ्यावरून गावाने तिला वाळीत टाकलं. तिचं लग्न कधीच झालं नाही. २००२ मध्ये वारली. जयमतीच्या त्यागाला नमस्कार करणाऱ्या समाजाने जयमती साकारणाऱ्या मुलीचं हे केलं. मला ही गोष्ट फार त्रास देते.

तिसरी, चंद्रप्रभा शइकियानी. कामरूपातल्या दैसिंगारी गावची, १९०१ चा जन्म. शिकायला चिखल तुडवत मुलांच्या शाळेत गेली, किशोरवयातच स्वतः मुलींना शिकवू लागली. १९२५ मध्ये नगावला असम साहित्य सभेच्या अधिवेशनात बायकांना बांबूच्या चिकाआड बसवलं होतं. ही व्यासपीठावर गेली आणि म्हणाली, पडदा तोडून बाहेर या. बायका खरंच बाहेर आल्या. पुढच्याच वर्षी तिने महिला समिती उभी केली, सायकलवर गावोगाव फिरून. लग्नाशिवाय मूल झालं, ते तिने एकटीने वाढवलं आणि कोणापुढे मान खाली घातली नाही. आपल्या सावित्रीबाई आणि ताराबाई शिंदे वाचलेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. इथे मात्र तिचं नावही कुणी घेत नाही.

आणि कनकलता बरुआ. २० सप्टेंबर १९४२, गोहपूर पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या मिरवणुकीत पुढे. वय १७. गोळी लागल्यावर झेंडा मुकुंद काकतीने घेतला, त्यालाही गोळी लागली. अकरा दिवस आधी आपल्या नंदुरबारला शिरीषकुमार असाच झेंडा हातात घेऊन पडला होता.

किल्लेदार

@ओसरी ताई, आयदेउबद्दल काहीच माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

बखरवाचक, तुमचा मुद्दा आता पोचला. मुलाला आतन आणि लालुकसोला दोघांबद्दल सांगितलं, त्याने विचारलं, दोन भाऊ असे कसे? उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता आलं तर लिहा.

शाईची दौत

दोन नावं राहू नयेत म्हणून. अजान फकीर, १७ व्या शतकातला सूफी. असमियात जिकिर, म्हणजे सूफी भक्तिगीतं, रचली, चाली नामघरातल्या आणि गावगाण्यांच्या. दरबारातल्या कटामुळे डोळे काढले गेले, नंतर राजाने पश्चात्तापाने जमीन दिली. शिवसागरजवळ सरागुरी चापरीला दर्गा आहे, सगळ्या धर्मांचे लोक जातात.

दुसरे आसामचे काँग्रेस नेते गोपीनाथ बरदलोई. १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या गट-योजनेत आसाम बंगालबरोबर बांधला जात होता. काँग्रेसचे दिल्लीतले बरेच नेते थोडं वाकायला तयार होते, बरदलोई ठाम राहिले आणि गांधीजींनी त्यांना पाठिंबा दिला. त्यांना भारतरत्न मिळालं १९९९ मध्ये, मृत्यूनंतर जवळपास पन्नास वर्षांनी.

बखरवाचक

@किल्लेदार, मुलाच्या प्रश्नाचं उत्तर बुरंज्या अर्धवट देतात. १६७० ते १६८१ या अकरा वर्षांत आहोम गादीवर सात राजे बसवले आणि उतरवले गेले, बरेचसे विष नाहीतर सुरीने. राजधानीत रोज नवा गट वरचढ. लालुकसोलाला स्वतःचा जीव आणि पद दोन्ही आतनच्या हाती आहेत असं वाटत होतं, आणि मोगलांनी त्याला मोठी आमिषं दाखवली. भाऊ ज्या व्यवस्थेच्या जोरावर लढला ती व्यवस्थाच तोवर फाटली होती. यामुळे त्याला माफी मिळत नाही, पण मुलाला एवढं सांगा.

टाळकरी

जोरहाटवासी ताई, भाओना आणि बरगीतं प्रत्यक्ष ऐकायची तर कधी यावं? आमच्या दिंडीतले दहाबारा जण तयार आहेत, आषाढी आटोपली की मोकळे.

जोरहाटवासी

@टाळकरी दादा, आषाढी संपल्यावर लगेच नको, तेव्हा इथे पूर असतो. कार्तिक पौर्णिमेला या, माजुलीत रासलीला असते, सत्रांत आणि गावच्या मंडपांत रात्ररात्रभर. जोरहाटहून निमाती घाट, तिथून बोटीने कमलाबारी घाट. शेवटची बोट लवकर सुटते, वेळ आधी विचारून ठेवा. राहायला सत्रांच्या अतिथिशाळा आहेत, पण रासाच्या दिवसांत महिनाभर आधी कळवावं लागतं. उत्तर कमलाबारी सत्राचे खोलवादन चुकवू नका. आणि टाळ बरोबर आणा. इथल्या भक्तांना तुमचे अभंग ऐकायला नक्की आवडतील.